५० रुपयांसाठी कलकत्त्याची नोकरी सोडणारा माणूस : धर्मानंद कोसंबींना आयुष्याचं काम कसं सापडलं?

१९०८ साल. कलकत्त्यात एक गोव्याचा माणूस पाली भाषा शिकवत होता. वय ३२. औपचारिक शिक्षण म्हणाल तर गावच्या मराठी शाळेत जेमतेम झालेलं. डिग्री नाही, मॅट्रिकही नाही. तरी कलकत्ता विद्यापीठानं त्याला शिकवायला घेतलं होतं, कारण पाली इतकं चांगलं जाणणारी माणसं भारतात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. नोकरी प्रतिष्ठेची होती आणि पुढे पगार वाढायचीही खात्री होती.

त्याच वेळी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून दुसरा प्रस्ताव आला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहा, बौद्ध ग्रंथांवर काम करा, मराठीत लिहा, संस्थान दरमहा ५० रुपये देईल.

कलकत्त्यात मिळत असलेल्या आणि मिळू शकणाऱ्या पैशांपुढे ही रक्कम किरकोळ होती. घरी बायको होती, दोन मुलं होती. तरी त्यानं कलकत्ता सोडलं.

या माणसाचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. मराठी वाचकाला बुद्ध मूळ पाली ग्रंथांच्या आधारानं वाचायला मिळाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा. पण आज त्यांच्याकडं वळायचं कारण वेगळं आहे. ‘आपण नक्की कोणत्या कामासाठी आहोत’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये भेटतो. कोसंबींना हा प्रश्न विशीत पडला. त्याचं उत्तर त्यांना घरात बसून, डोळे मिटून सापडलं नाही. ते काम करता करता, तुकड्या-तुकड्यांनी सापडत गेलं. आणि त्याची किंमत फक्त त्यांनीच मोजली असंही नाही.

नारळाच्या बागा आणि एक मासिक

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. घर सारस्वत ब्राह्मणांचं, नारळाच्या बागायतीवर चालणारं. मुलगा प्रकृतीनं अशक्त, शाळा अधूनमधून. १८९१ मध्ये, म्हणजे पंधरावं वर्ष सुरू असताना लग्नही झालं. पत्नीचं नाव बाळाबाई.

त्या काळातल्या गोव्यातल्या तरुणाचं पुढचं आयुष्य इथंच आखून झालेलं असायचं. बाग सांभाळायची, नारळ मोजायचे, भावकीतले वाद मिटवायचे. कोसंबींनी हे सगळं केलंही. पण मन लागत नव्हतं. मराठी पुस्तकं मिळतील तिथून मिळवून ते वाचत राहिले. एकदोनदा घरातून बाहेर पडून पाहिलं आणि परत आले.

मग एक दिवस ‘बालबोध’ या मुलांसाठीच्या मराठी मासिकात त्यांना बुद्धाचं छोटं चरित्र वाचायला मिळालं. बस्स, एवढंच. ना कुणी गुरू भेटला, ना कुठला साक्षात्कार. मुलांच्या मासिकातला एक लेख.

त्यांच्या मनानं घेतलं की हा माणूस नीट समजून घ्यायचा. पण कुठं जाऊन? गोव्यात तेव्हा बुद्धाबद्दल सांगू शकेल असं कुणी नव्हतं. मराठीत हाताला लागणारी पुस्तकं मूठभर, आणि तीही बहुतेक इंग्रजीवरून केलेली. पुण्याला जायचं, आधी संस्कृत शिकायचं आणि मग पुढचा रस्ता शोधायचा, असं त्यांनी ठरवलं.

१८९९ च्या अखेरीस ते घरातून निघाले. मोठी मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती.

इथं क्षणभर थांबायला हवं. ‘बुद्धासारखाच गृहत्याग’ असं म्हणून या घटनेवर हार घालणं सोपं आहे. पण मागे राहिलेल्या बाळाबाईंच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं दिसतं: वय विशीच्या आसपास, कडेवर तान्हं मूल, नवरा कुठल्याशा धर्माचा अभ्यास करायला निघून गेलेला, कधी परतणार ठाऊक नाही, आणि राहायचं सासरच्या माणसांच्या आधारानं. पुढची जवळपास सात वर्षं त्या अशाच राहिल्या. कोसंबींनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा काळ तपशिलानं लिहिला आहे. बाळाबाईंचं आत्मचरित्र नाही.

पुणे, काशी, नेपाळ... आणि बुद्ध कुठंच नाही

पुण्यात त्यांची गाठ डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी पडली. संस्कृत शिकायचं तर काशी गाठावी, असं कोसंबींच्या मनात पक्कं होतं. खिशात जवळजवळ काही नाही अशा अवस्थेत ते ग्वाल्हेरमार्गे काशीला पोचले.

काशीत गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांना अन्नछत्रात जेवण मिळायचं. कोसंबी तिथं जेवले आणि गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यासारख्या पंडितांच्या परंपरेत संस्कृत व्याकरण शिकले. शहरात प्लेगची साथ होती, कपडे पुरेसे नव्हते, थंडी होती. हा काळ त्यांनी काढला, पण रमले नाहीत. संस्कृत ही पायरी होती. त्यांना हवं होतं ते पुढं होतं.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म त्या भूमीतला, म्हणजे तिथं बुद्धधर्म जिवंत असेल, ही अपेक्षा. प्रत्यक्षात जे दिसलं त्यानं ते निराश झाले. मग बुद्धगया. तिथं कळलं की मूळ ग्रंथ शिकायचे असतील तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवं.

सिलोनमध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडं त्यांचं पालीचं शिक्षण सुरू झालं. परिवेण म्हणजे भिक्खूंचं विद्यापीठच. तिथं त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. जेवणखाण आणि हवामान मानवेना, तब्येत ढासळली, तरी शिक्षण सोडलं नाही. पुढे मद्रास, मग ब्रह्मदेश, परत भारत, कुशिनगर, पुन्हा ब्रह्मदेश. ग्रंथांचा अभ्यास आणि ध्यान दोन्ही चाललं होतं.

नकाशावर ही वर्षं पाहिली तर माणूस भरकटलाय असंच वाटेल. पण त्यांच्या हाताशी एक एक गोष्ट जमा होत होती: संस्कृत, पाली, सिंहली लिपी, ब्रह्मी लोकांची लिपी, आणि भिक्खूंचं जगणं आतून कसं असतं याचा अनुभव. यातली कुठली गोष्ट पुढे कामी येणार हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

पण पाली शिकायला इतकं का फिरावं लागलं?

कारण पालीला स्वतःची लिपी नाही. बुद्धाच्या उपदेशांचा सगळ्यात जुना आणि पूर्ण जपलेला संग्रह, त्रिपिटक, पालीत आहे. पण तो जपला सिलोन, ब्रह्मदेश आणि सयामच्या लोकांनी. त्यामुळं ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मी लोकांच्या लिपीत किंवा सयामी लिपीत. १८८१ साली लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी सुरू झाली आणि ग्रंथ रोमन लिपीतही छापले जाऊ लागले.

म्हणजे गंमत बघा. बुद्ध इथला, भाषा इथल्या भाषांची सख्खी बहीण, आणि देवनागरी वाचणाऱ्या माणसाला मात्र त्यातलं अक्षर कळत नाही. भारतीय विद्यापीठांत पालीला जागाही जवळपास नव्हतीच.

(ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच यादीत पालीही होती. आपल्याकडं पेढे मराठीचे वाटले गेले. पालीची बातमी आतल्या पानावर राहिली.)

चीवर उतरवलं, मग काम सुरू झालं

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्याला आले तेव्हा ते अजून भिक्खू होते. त्यांच्यापुढं दोन रस्ते होते. विहारात राहून स्वतःची साधना करायची, किंवा जे शिकलो ते ज्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही त्यांच्यापर्यंत न्यायचं.

बंगालमध्ये तेव्हा स्वदेशीचं वारं होतं. नव्या राष्ट्रीय शिक्षणासाठी नॅशनल कॉलेज उघडलं होतं. तिथं पाली शिकवायला माणूस हवा होता. अरविंद घोष यांचे भाऊ मनमोहन घोष आणि भाषापंडित हरिनाथ डे यांच्यासारख्यांशी त्यांची ओळख झाली. कोसंबींनी चीवर उतरवलं आणि शिक्षक झाले. थोड्याच काळात कलकत्ता विद्यापीठातही पाली शिकवू लागले.

त्याच वर्षी ते गोव्याला घरी गेले. माणिक सात वर्षांची झाली होती. पुढे बाळाबाई आणि माणिक काही काळ कलकत्त्यात त्यांच्यासोबत राहिल्या. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून दामोदर. हेच पुढचे मोठे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

बौद्ध विचारात कामाकडं कसं पाहतात हे इथं थोडं समजून घेतलं तर पुढचं कळायला सोपं जाईल. बुद्धानं सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात ‘सम्यक आजीव’ हे एक अंग आहे. पोट कशावर भरता, हा प्रश्न ध्यानाइतकाच मार्गाचा भाग मानलाय. गृहस्थांनी कोणते धंदे टाळावेत तेही ग्रंथांत स्पष्ट आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, म्हणजे माणसांचाही, मांसाचा, दारूचा आणि विषाचा व्यापार. याचा अर्थ, ‘मला काय आवडतं’ हा पहिला प्रश्न नाही. माझ्या कामानं कुणाचं दुःख वाढतं की कमी होतं, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट आणखी मजेची आहे. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या विषयाला ‘कम्मट्ठान’ म्हणतात. शब्दशः अर्थ, कामाची जागा. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी सिलोनमध्ये लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात अशी ४० कम्मट्ठानं दिली आहेत. कुणी श्वासावर ध्यान करावं, कुणी मैत्रीभावनेवर, कुणी शरीराच्या नश्वरतेवर. ते आपल्या हौसेनं निवडायचं नसतं. माणसाचा स्वभाव रागीट आहे, लोभी आहे, गोंधळलेला आहे की श्रद्धाळू, ते ओळखून जाणता माणूस त्याला योग्य ते काम देतो. आणि मग ते सोडायचं नसतं.

कोसंबींच्या वाट्याला जे काम आलं तेही असंच आलं. संस्कृत येत होतं, पाली येत होतं, सिंहली आणि ब्रह्मदेशाच्या लिपी वाचता येत होत्या, आणि मातृभूमी अशा प्रदेशात होती जिथं यातलं काहीच उपलब्ध नव्हतं. इतक्या गोष्टी एका माणसात एकत्र आल्यावर काम कुठलं, हे वेगळं विचारायची गरज उरत नाही.

म्हणून ते ५० रुपये. बंगालमध्ये पाली सुरू झालं होतं, तिथं दुसरंही कुणी मिळालं असतं. मराठीत कुणी नव्हतं.

बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्यानं १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावानं पुस्तकरूपात आली. छोटं पुस्तक, साधी भाषा. मुंबई विद्यापीठात पालीचा शिरकाव व्हावा म्हणून भांडारकर प्रयत्न करतच होते, त्यांनाही कोसंबींची साथ मिळाली.

हार्वर्ड : २० वर्षं आणि एक पुस्तक

आता त्याच ‘विसुद्धिमग्ग’ची गोष्ट. अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन नावाचे अभ्यासक या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करत होते. लहानपणीच्या अपघातामुळं आयुष्यभर दुखण्यानं खिळलेला हा माणूस काम अर्धवट सोडून १८९९ च्या जानेवारीत वारला. ज्या वर्षी वॉरन गेले, त्याच वर्षाच्या शेवटी कोसंबी साखवाळहून निघाले होते.

हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. जेम्स वुड्स भारतात आले असताना त्यांची कोसंबींशी ओळख झाली. वॉरन यांचं काम पुरं करायला माणूस मिळाला असं त्यांना वाटलं. १९१० मध्ये कोसंबी बोटीनं निघाले. इंग्रजी बहुतेक स्वतःच शिकलेलं.

असं संपादन म्हणजे नेमकं काय करायचं? एकाच ग्रंथाच्या सिंहली आणि ब्रह्मदेशी हस्तलिखितांमध्ये हजारो ठिकाणी फरक असतो. कुठं शब्द गळलेला, कुठं नकल करणाऱ्यानं स्वतःच्या बुद्धीनं दुरुस्त केलेला. प्रत्येक ठिकाणी थांबून, व्याकरण, टीका आणि इतर ग्रंथ पाहून ठरवायचं की मूळ शब्द कोणता असेल. दिवसभरात चारदोन पानं झाली तरी पुष्कळ. या कामाला टाळ्या नसतात. चूक केली तर मात्र शंभर वर्षं लोक ती दाखवत राहतात.

मालिकेचे संपादक होते प्रा. चार्ल्स लॅनमन. पुस्तकावर कुणाचं नाव कसं यावं, कोसंबींच्या कामाची नोंद कशी व्हावी, यावरून दोघांचं फाटलं. श्रेय देताना लॅनमन हात आखडता घेत होते आणि कोसंबी मान खाली घालून काम करणाऱ्यांतले नव्हते. १९१२ मध्ये काम तसंच ठेवून ते परतले.

हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘बौद्ध’ म्हटलं की सगळं सोसून हसत राहणारा माणूस डोळ्यांसमोर आणायची आपल्याला सवय आहे. कोसंबी तसे नव्हते. स्वाभिमान त्यांना फारच होता, आणि तो सोडायला हवा होता असंही वाटत नाही.

पुढची सहा वर्षं, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या कामातला सगळ्यात टिकाऊ भाग कदाचित हाच. या काळात तयार झालेले पु. वि. बापट आणि ना. के. भागवत पुढे पालीचे मोठे अभ्यासक झाले. भागवतांनी मुंबईत पाली शिकवलं आणि देवनागरीत ग्रंथ संपादले. बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्तानं १९५६ मध्ये भारत सरकारनं बौद्ध धर्माच्या इतिहासावर जो ग्रंथ काढला, त्याचे संपादक बापट होते.

१९१८ मध्ये वुड्स यांच्या आग्रहानं कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले. या वेळी माणिक आणि दामोदर सोबत होते. माणिक तिथंच रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्या काळात मराठी घरातल्या मुलीनं अमेरिकेत पदवी घेणं ही बातमीच होती. बाळाबाई धाकट्या मुलींसह भारतात राहिल्या. संसार असा दोन खंडांत वाटला गेला.

हार्वर्डला त्यांच्या एकूण चार फेऱ्या झाल्या. शेवटची १९३१-३२ मध्ये. मध्ये १९२९-३० ला लेनिनग्राडलाही शिकवून आले. तिथं थंडीनं तब्येतीची वाट लावली. ‘विसुद्धिमग्ग’चं काम तर संपलं, पण पुस्तक छापून येईना.

ग्रंथालयातून मिठागरात

इथपर्यंत वाचून वाटेल की हा पुस्तकांत बुडालेला माणूस. तसं अजिबात नाही.

अमेरिकेत असतानाच ते समाजवादाची पुस्तकं वाचत होते. संघ म्हणजे मालमत्ता सामाईक ठेवणारा समूह, ही गोष्ट त्यांना समाजवादाजवळची वाटायची. १९२२ ते १९२५ ते गांधीजींनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. आणि १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाल्यावर, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहाला गेले. नंतर विलेपार्ल्याच्या सत्याग्रही छावणीत जबाबदारी घेतली, अटक झाली, ठाण्याचा तुरुंग पाहिला.

अहिंसेबद्दल फक्त ग्रंथात वाचणाऱ्याला हे करायची गरज नव्हती. पण त्यांच्या लेखी अहिंसा हा राजकारणाचाही प्रश्न होता. १९३५ चं त्यांचं ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हे पुस्तक याच वळणावरचं आहे.

१९३७ मध्ये मुंबईत परळ भागात, गिरणी कामगार आणि दलितांच्या वस्तीजवळ ‘बहुजन विहार’ उभा राहिला. पैसे बिर्लांचे, कल्पना कोसंबींची. विद्यापीठातल्या वर्गात चार विद्यार्थी येत, इथं दिवसभर गिरणीत राबलेली माणसं येत. ज्यांना जातीमुळं देवळात घेत नव्हते त्यांच्यापर्यंत बुद्ध न्यायचा तर तो त्यांच्या चाळीजवळ न्यायला हवा, हे त्यांना कळलं होतं. डॉ. आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ या आशयाची येवल्याची घोषणा केली होती १९३५ मध्ये. पण कोसंबींचा कल गांधींकडं होता आणि बिर्लांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या जागेबद्दल आंबेडकरी चळवळीत जवळीक वाटणं अवघडच होतं. कोसंबी तिथं फार वर्षं राहिले नाहीत.

पाण्यावरून भांडण, म्हणून गृहत्याग?

त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ‘भगवान बुद्ध’ १९४०-४१ मध्ये दोन भागांत आलं. आयुष्यभराच्या कामाचा निचोड म्हणावा असं.

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबींनी जुने पाली ग्रंथ आणि नंतरची वर्णनं वेगळी काढली आणि दाखवलं की ही गोष्ट मागाहून जोडलेली असावी. शाक्य आणि शेजारचे कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. आपलीच माणसं एकमेकांवर शस्त्र उगारताना पाहून आलेली उबग, हे त्यांच्या मते गृहत्यागामागचं खरं कारण. पुढे डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्येही गृहत्यागामागं याच पाण्याच्या तंट्याची कथा येते.

याच पुस्तकावरून वादळही उठलं. बुद्धाच्या काळातले श्रमण मांस खात का, या प्रश्नावर पुरावे मांडताना कोसंबींनी प्राचीन जैन साधूंबद्दलही लिहिलं. जैन समाजातून जोरदार निषेध झाला. कोसंबींनी पुरावा मागे घेतला नाही.

आणि तरी, त्यांच्या शेवटच्या पुस्तकांपैकी एक जैन तीर्थंकरावर आहे. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांमध्ये त्यांना बुद्ध, गांधी आणि समाजवाद सगळ्यांना जोडणारा धागा दिसत होता.

काम संपलं, मग?

त्यांच्या आयुष्याचा शेवट अवघड आहे, आणि तो गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही.

सत्तरीजवळ आल्यावर शरीर साथ देईना. आपल्या हातून आता काही होत नाही आणि दुसऱ्यांना सेवा करावी लागते, हे त्यांना सहन होत नव्हतं. जैन परंपरेतल्या सल्लेखनेप्रमाणं अन्न हळूहळू सोडून देह ठेवायचा असं त्यांनी ठरवलं. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दोहरीघाट इथं उपवास सुरूही केला. गांधीजींनी कळवलं म्हणून थांबवला. पण मन वळलं नव्हतं. पुढच्या वर्षी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडलं. ४ जून १९४७ रोजी ते गेले. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली. स्वातंत्र्याला अडीच महिने उरले होते, देश फाळणीच्या बातम्यांत होता. त्या गर्दीत ही बातमी लवकरच दिसेनाशी झाली.

बौद्ध परंपरेत अशा देहत्यागाला सहसा मान्यता नाही. खुद्द बुद्धानं कडक उपवास करून पाहिले आणि सोडून दिले, तिथूनच तर मध्यम मार्ग सुरू होतो. मग आयुष्यभर बुद्ध शिकवलेल्या माणसानं हा रस्ता का घेतला? एक उत्तर असं की त्यांनी स्वतःची किंमत कामावर ठरवली होती, आणि काम थांबल्यावर त्यांच्या हिशेबात काही शिल्लक उरलं नाही. हे उत्तर खरं असेल तर ते थोडं घाबरवणारं आहे. काम हेच आयुष्याचं कारण, असं आज आपणही फार सहज म्हणून जातो. आजारी, म्हातारं, काहीही न करणारं माणूसही करुणेला तितकंच पात्र असतं, हे त्यांच्याच ग्रंथांत होतं. ते त्यांनी स्वतःला लावलं नाही.

‘विसुद्धिमग्ग’मध्ये साधकाच्या वाटेतले दहा अडथळे सांगितले आहेत. राहती जागा, नातेवाईक, लाभ, प्रवास, आजारपण असे. त्या यादीत ‘काम’ आहे. आणि ‘ग्रंथ’ही आहे, म्हणजे पोथ्यांमध्येच गुंतून पडणं. कोसंबींनी या ओळींचे पाठभेद नक्कीच तपासले असणार.

स्वतः तयार केलेली ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्येच मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून काढली होती. त्यावर ‘दीपिका’ नावाची पाली टीकाही लिहिली. हार्वर्डची आवृत्ती मात्र त्यांच्या हयातीत निघाली नाही. ती १९५० मध्ये, हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड म्हणून आली. त्यावर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे, आणि खाली, संशोधित आवृत्ती करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी.